युरियाचे पोते आणि शास्त्रज्ञांचे नवे संशोधन

(ऊस विकास विभागाकडून)



देशोदेशींच्या विद्यापीठांत संशोधन चालते, त्यावर मोठमोठे निबंध छापले जातात, पण आपल्या बांधापर्यंत त्यातले फार थोडे येऊन पोहोचते. जे येते तेही बहुतेक वेळा खताच्या जाहिरातीतून. म्हणून या अंकात आम्ही तीन संशोधनांची माहिती साध्या भाषेत देत आहोत. पहिले जीवशास्त्रातले आहे, बाकीची दोन अर्थशास्त्रातली. तिन्हींचा विषय एकच, तो म्हणजे खत. उसाच्या खर्चात खताचा वाटा मोठा असतो आणि तोच आपण सर्वांत कमी हिशेबाने करतो, म्हणून हा विषय निवडला.

आधी थोडा हिशेब

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी शिफारस आहे. पूर्वहंगामीला नत्र ३४० किलो आणि आडसालीला ४०० किलो. सुरूचे एकरी मान काढले तर १०० किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद होते.

युरियात शेकडा ४६ भाग नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या एका पोत्यात सुमारे पावणेएकवीस किलो नत्र आले. नुसत्या युरियातून १०० किलो द्यायचे तर एकरी पावणेपाच ते पाच पोती लागतात. पण आपण डीएपीसुद्धा टाकतो की! डीएपीच्या दोन पोत्यांत स्फुरदाची पूर्ण ४६ किलो मात्रा तर येतेच, शिवाय १८ किलो नत्र येते. ते वजा केले की युरियाची चारच पोती पुरतात. हे १८ किलो बरेच जण धरतच नाहीत. त्यातून वर "जरा काळोखी येऊ द्या" म्हणून आणखी दोन पोती पडतात.

जास्तीचे नत्र उसाला मिळत नाही. युरिया उघड्यावर फेकला तर काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. मोकाट पाणी दिले की काही भाग मुळांच्या खाली वाहून जातो आणि विहिरीच्या पाण्यात उतरतो. पाणी साचलेल्या रानात काही नत्राचा नायट्रस ऑक्साइड वायू होतो, आणि हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनास वजन सुमारे २७० पट जास्त उष्णता धरून ठेवतो. पिकात जे शिरते तेही उशिरा आणि जादा असेल तर ऊस लुसलुशीत होतो, लोळतो आणि रसाची शुद्धता घटते. एफआरपी साखर उताऱ्यावर ठरते हे सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा जादा पोत्याचे पैसे आपण दोनदा भरतो, एकदा दुकानात आणि एकदा बिलात.

उसाच्या पोटातला जीवाणू

हवेत शेकडा ७८ भाग नत्र आहे, पण पिकाला ते सरळ घेता येत नाही. हरभरा-भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठींतले जीवाणू ते पकडून देतात, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. उसाला अशा गाठी नाहीत. तरीही ब्राझीलमध्ये काही रानांत कमी नत्रावर वर्षानुवर्षे चांगला ऊस येत होता. हे कोडे जोहाना डोबेरायनर या बाईंनी हाती घेतले. त्या मूळच्या चेकोस्लोव्हाकियातल्या. ब्राझीलला जाऊन त्यांनी सारे आयुष्य मातीतल्या जीवाणूंच्या अभ्यासात घालवले. १९८८ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या मुळांत आणि कांड्यांत राहणारा एक जीवाणू शोधल्याचे प्रसिद्ध केले. त्यालाच आपण ॲसिटोबॅक्टर म्हणतो. शास्त्रीय नाव पुढे बदलून ग्लुकोनॲसिटोबॅक्टर डायझोट्रॉफिकस झाले.

गंमत अशी की भरपूर साखर आणि आंबटपणा असलेल्या जागी इतर बरेच जीवाणू टिकत नाहीत, तिथे हा सुखाने वाढतो. मातीत मात्र तो एकटा फार काळ तग धरत नाही. त्याचे घर म्हणजे ऊसच. त्यामुळे तो बेण्याबरोबर एका पिकातून दुसऱ्या पिकात जातो.

हवेतले नत्र उसाला किती मिळते हे मोजायला शास्त्रज्ञांनी नत्राचाच एक जड प्रकार वापरला. तो खुणेसारखा मातीत मिसळला की उसातले नत्र मातीतून किती आले आणि हवेतून किती, हे वेगळे करता येते. ब्राझीलमधल्या अशा प्रयोगांत काही जातींनी निम्म्याहून अधिक नत्र हवेतून घेतल्याचे दिसले. सगळ्या देशांत आणि सगळ्या जातींत मात्र असा गुण आला नाही. जात, जमीन, ओलावा आणि स्फुरद-पालाशचा पुरवठा यांवर बरेच अवलंबून आहे.

आपल्या कामाची सर्वांत मोठी गोष्ट १९९९ साली मेक्सिकोतील शास्त्रज्ञांनी दाखवली. उसाला नत्र खत भरपूर दिले की उसातली या जीवाणूंची संख्या घटते. म्हणजे एका हाताने जीवाणूंची प्रक्रिया करायची आणि दुसऱ्या हाताने युरिया ओतायचा, हे गाय पाळून तिला चारा न घालण्यासारखे झाले. "जीवाणू वापरले, फरक काही पडला नाही" असे म्हणणाऱ्यांनी आपल्या युरियाची पोती आधी मोजावीत.

पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस अशी आहे : १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसिटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जीवाणू मिसळून हेक्टरी बेणे ३० मिनिटे बुडवावे आणि मग लागण करावी. असे केल्यास नत्र ५० टक्के आणि स्फुरद २५ टक्के कमी देता येते. बुरशीनाशक-कीटकनाशकाची प्रक्रिया आधी उरकून टिपऱ्या निथळू द्याव्यात, जीवाणूंची प्रक्रिया नंतर. दोन्ही एकत्र कालवू नयेत, नाहीतर जीवाणू मरतात. आणि ५० टक्के म्हणजे शिफारशीच्या मात्रेचे निम्मे. आपण टाकतो त्या सात-आठ पोत्यांचे निम्मे नव्हे!

अर्धा चमचा खत

आता अर्थशास्त्राकडे वळू. २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना मिळाले. यांपैकी डुफ्लो आणि क्रेमर यांनी जोनाथन रॉबिन्सन यांच्याबरोबर आफ्रिकेतील केनिया देशाच्या पश्चिम भागात मक्याच्या शेतकऱ्यांत वर्षानुवर्षे काम केले.

त्यांनी प्रयोग सरकारी फार्मवर केला नाही. शेतकऱ्याच्याच रानात छोटे तुकडे पाडले आणि मका गुडघाभर झाल्यावर एका तुकड्यात प्रत्येक रोपाला पाव चमचा वरखत, दुसऱ्यात अर्धा, तिसऱ्यात एक चमचा दिले. आणखी एका तुकड्यात सरकारी शिफारशीप्रमाणे संकरित बियाणे आणि पूर्ण खत. काढणीला प्रत्येकाचे वजन केले. सर्वांत जास्त पीक पूर्ण शिफारशीच्या तुकड्यात आले. पण खर्च वजा केल्यावर सामान्य शेतकऱ्याला त्यात सरासरीने नफा उरत नव्हता. खरा नफा अर्ध्या चमच्यात निघाला. एका हंगामात खताच्या खर्चावर सरासरी सुमारे ३६ टक्के. सर्वांत जास्त पीक आणि सर्वांत जास्त नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा यातला धडा. (अर्धा चमचा हे माप केनियातल्या मक्याचे आहे, ते उसाला लावू नये.)

पुढची गोष्ट त्याहून विचार करण्यासारखी आहे. हा नफा डोळ्यांनी पाहिलेल्यांपैकी शेकडा ९८ शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात खत घालायचे ठरवले. प्रत्यक्षात त्यांतल्या शेकडा ३७ जणांनीच घातले. का? काढणीनंतर हातात पैसा होता. खत घालायची वेळ येईपर्यंत तो घरखर्चात, सणासुदीत, पाहुण्यारावळ्यांत गेला. उद्या घेऊ, परवा घेऊ, असे म्हणता म्हणता वेळ निघून गेली.

मग संशोधकांनी एक साधी योजना केली. काढणी झाल्या झाल्या घरी जाऊन सांगायचे : आज पूर्ण किमतीला पावती फाडा, खत तुम्ही सांगाल तेव्हा घरपोच मिळेल. सूट काही नाही, फक्त पोहोचवण्याचे पैसे नाहीत. एवढ्यावर खत वापरणारे ४७ ते ७० टक्क्यांनी वाढले. तीच घरपोच सोय हंगामात उशिरा दिली तर फारसा उपयोग झाला नाही. निम्म्या किमतीची सूट उशिरा देऊन जेवढे काम झाले, तेवढे वेळेवरच्या बिनसवलतीच्या पावतीने झाले.

शेजाऱ्याचे पाहून

तिसरे संशोधन घाना देशातले. टिमथी कॉनली आणि ख्रिस्तोफर उड्री यांनी ते २०१० साली प्रसिद्ध केले. तिथे अननसाचे पीक नव्याने येत होते. ज्याच्याशी आपले शेतीविषयी बोलणे आहे अशा एखाद्याला अपेक्षेपेक्षा जास्त फायदा झाला, की शेतकरी आपले खताचे मान त्याच्यासारखे करत. नवखे जास्त, मुरलेले कमी. मका-कसाव्यासारख्या जुन्या, माहितीच्या पिकात मात्र असे घडत नव्हते.

पाहून शिकण्यात वाईट काहीच नाही. आपल्या भागात ठिबक असेच पसरले. पण शेजाऱ्याचे नुसते टनेज ऐकून शिकणे घातक. त्याचे रान कसले, पाणी किती, पोती किती आणि खर्च वजा जाता हातात काय राहिले, हे सगळे विचारावे.

आपण काय करायचे

१) माती तपासून घ्या. क्षारपड-चोपण रानात नुसते नत्र वाढवून ऊस सुधारत नाही. तिथे आधी निचरा पाहिजे.

२) नत्र हप्त्याने द्या. सुरूला लागणीच्या वेळी १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४०, १२ ते १६ आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४०. खत मातीआड करा, वर फेकू नका.

३) आपल्याच रानात चाचणी घ्या. एका पट्ट्यात नेहमीची मात्रा, दुसऱ्यात शिफारशीची, तिसऱ्यात जीवाणू प्रक्रिया आणि निम्मे नत्र. पट्ट्यांमध्ये दोन-दोन सऱ्या मोकळ्या धरा. चार फुटी सरी असेल तर १३६ फूट लांबीच्या दोन सऱ्या म्हणजे एक गुंठा. मधल्या दोन सऱ्यांचे वजन करून चाळीसने गुणले की एकरी उतारा कळतो. त्यातून खताचा खर्च वजा करा आणि मग ठरवा. सारे रान एकदम बदलू नका.

४) पुढच्या लागणीचे जीवाणू आणि खत उसाचे बिल जमा होईल त्याच आठवड्यात ठरवून सोसायटीत नोंदवा. अर्थात बिल वेळेवर मिळाले तरच सभासदाला हे जमेल. केनियातला धडा जसा शेतकऱ्याला आहे तसा पैसे देणाऱ्यालाही आहे, हे आम्ही जाणतो.

चाचणीच्या सऱ्यांचे वजन वेगळे करायचे असल्यास तोड येण्यापूर्वी गटातील चिटबॉयला कळवावे. आलेले आकडे, चांगले असोत की वाईट, आमच्याकडे जरूर पाठवावेत. संशोधन म्हणजे तरी दुसरे काय? मोजणे, लिहून ठेवणे आणि खरे ते सांगणे. ते आपल्या बांधावरही होऊ शकते.