वादी गैरहजर

पुकारा झाला तेव्हा मी त्याच इमारतीत होते. तळमजल्यावर, बंद लिफ्टसमोर, व्हीलचेअरवर. वरच्या मजल्यावरून माझं नाव ओरडल्याचं मला खाली ऐकूही आलं. तरी रोजनाम्यात लागलं ते असं: वादी गैरहजर.

दावा घराच्या वाटणीचा आहे. भाऊबंदकी, दुसरं काय! त्यात शिरत नाही. कोर्ट पुण्यातलंच, एवढं पुरे.

लिफ्टची चावी ज्यांच्याकडे, ते जागेवर नव्हते. पट्टेवाला म्हणाला, "मावशी, आम्ही चौघं उचलतो की!" माणूस वाईट नव्हता. पण साठी ओलांडलेल्या बाईला चार परके पुरुष खुर्चीसकट जिन्याने वर नेणार, आणि वर कठड्याला टेकून माझे पुतणे ते बघणार. शिवाय एकाचा पाय घसरला तर? मी नाही म्हटलं. त्या क्षणी सगळ्यांचे चेहरे बदलले. "आम्ही मदत करतोय आणि तुम्हीच नाही म्हणताय," असं एका कारकुनाने चारचौघांत सुनावलं. लिफ्ट बंद ठेवणारा कुणी दोषी नाही, हट्टी मी!

सगळ्यात जास्त लागलं ते आमच्याच वकीलसाहेबांचं. "मी खाली आहे, एवढा अर्ज तरी द्या," असं फोनवर विनवलं. तर म्हणाले, "मॅडम, साहेबांना आवडणार नाही. मला रोज त्यांच्यासमोर उभं राहायचंय." रोजनामा वाचला तेव्हा कळलं, कागदावर मी कोर्टात आलेच नव्हते. तक्रार करायची ठरवली ती तेव्हा.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर पहिली गोष्ट ही. वर जाता येत नसेल तर वकिलाकडून त्याच दिवशी लेखी अर्ज द्यायला लावा: पक्षकार हजर आहे, तळमजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे, तळमजल्यावर कामकाज घ्यावं किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची मुभा द्यावी. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. अर्ज दाव्याच्या कागदांत राहतो. वकील कां कू करत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं, इमारतीची तक्रार आणि दाव्यातला राग एका कागदावर आणू नका. न्यायाधीशांच्या आदेशाविरुद्ध अवाक्षर लिहिलंत की "न्यायिक बाब आहे" म्हणून कागद बाजूला पडतो. तक्रार प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे, प्रशासकीय बाजूला द्या. प्रत सार्वजनिक बांधकाम विभागाला द्या, कारण कोर्ट त्यांच्याकडे बोट दाखवतं आणि ते कोर्टाकडे. दोघांकडून आवक क्रमांक घ्या. कोर्टात परवानगीशिवाय मोबाइलवर फोटो काढू नका; मग विषय लिफ्टचा राहत नाही, तुमचा होतो.

'विनंती अर्ज' तर लिहूच नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं नाव घाला. कलम 12 न्यायालयापर्यंत पोचण्याचा हक्क देतं. वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं कलम 2 मधली व्याख्या सांगते. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कलम 45 ने नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. आणि आम्ही खाली चावी शोधतोय!

दाद लागली नाही तर दिव्यांग आयुक्त. राज्याचं हे कार्यालय पुण्यातच आहे, एवढं आपलं नशीब. आयुक्तांना कागदपत्रं आणि साक्षीदार बोलावता येतात, पण शेवटी ते शिफारस करतात. ती मानली नाही तर तीन महिन्यांत कारण कळवावं लागतं. ती तारीख स्वतः लिहून ठेवा, कुणी आठवण करून देत नाही. बाकी नेहमीचंच: प्रती जपा, चिडून बोलू नका. (हे मला जमलं नाही.)

2023 मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांना मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात उचलून वर न्यावं लागलं, तेव्हा उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. चांगलंच झालं. विराली यांनी समाजमाध्यमावर लिहिलं आणि ते देशभर वाचलं गेलं. माझ्यासारखीच्या हाती आवक क्रमांक.

माझी साक्ष अखेर तळमजल्यावर झाली. लिफ्टही आता चालते. ती आपल्या पाठपुराव्यामुळे सुरू झाली, असं आमचे वकीलसाहेब इतर अशिलांना सांगतात. मी त्यांच्याकडून फाइल परत मागितली आहे, ती अजून आलेली नाही.