छुपा कॅमेरा रात्री आंधळा का?

प्रश्न : दाराजवळच्या जुन्या घड्याळात ईएसपी३२-कॅम बोर्ड बसवून छुपा कॅमेरा केला. तो सारखा बंद-चालू होतो, रात्री चित्र काळेकुट्ट. बोर्ड खराब आहे का? कामवाल्या मावशींच्या खोलीतही बसवू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काळजी नको, बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. वाय-फाय सुरू होताना तो एकदम जास्त वीज ओढतो. बारीक, लांब वायरीत व्होल्टेज पडते. ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चार्जर आणि आखूड, जाड केबल लावा. रात्रीसाठी इन्फ्रारेड दिवे आणि फिल्टर नसलेली लेन्स, दोन्ही लागतील. दिवे घड्याळाच्या काचेबाहेर ठेवा, नाहीतर चकाकी येते. मावशींच्या खोलीत मात्र मुळीच नको. स्त्रीचे खासगी क्षण टिपणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. कॅमेरा दारापुरताच ठेवा आणि घरच्यांना, मावशींनाही, तसे सांगा.