लहान दिवाणखान्यात अतिवास्तववादी दिवा

प्रश्न : मला दाली आणि माग्रित या अतिवास्तववादी चित्रकारांची चित्रं फार आवडतात. दिवाणखान्यात त्या धाटणीचा, शिल्पासारखा दिवा लावायचा आहे. पण खोली लहान आहे. निवड कशी करावी?

उत्तर : ओळखीच्या वस्तूला अनपेक्षित जागी आणून ठेवणं, हा अतिवास्तववादाचा गाभा. कलाकार मॅन रे यांनी 1920 च्या सुमारास दिव्याची कागदी शेड उलगडली आणि सर्पिलासारखी टांगली. स्वीडनच्या ‘फ्रंट’ या डिझाइन गटाने 2006 मध्ये खऱ्या घोड्याएवढ्या, घोड्याच्याच पुतळ्याच्या डोक्यावर शेड चढवली. असा घोडा मोठ्या दालनातच शोभतो. तुम्ही मॅन रे यांची वाट धरा.

पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची एकच सर्पिल पट्टी छतापासून टांगा, कडा घासून बोथट करून घ्या आणि बाजूने लहान स्पॉटलाइट सोडा. पट्टी जराशी फिरली, की भिंतीवरची सावली लांबते, वळते, आखडते. ही सावली म्हणजे निम्मं शिल्पच. म्हणून ती भिंत रिकामी ठेवा. प्रकाश 2700 केल्विनचा, पिवळसर घ्या. पंख्याची पाती प्रकाशाच्या आड येऊ देऊ नका, नाहीतर सगळी खोली लुकलुकत राहील. पीओपीच्या छताला वजन देऊ नका. हूक स्लॅबमध्येच बसवा.

तयार दिवा घेणार असाल, तर दुकानात तो बंद करूनही पाहा. दिवसभर तो तसाच दिसणार आहे. बंद असतानाही नजर खिळवणारा दिवाच घरी आणा.