१२१ सामने हरलेला संघ: केस स्टडी

व्हिडिओत ही केस घाईत उरकली, म्हणून इथे नीट लिहितोय. बेसबॉल कळत नसलं तरी चालेल.

अमेरिकेतला शिकागो व्हाइट सॉक्स हा व्यावसायिक संघ. सीझनला १६२ सामने. २०२१ मध्ये ९३ जिंकून ते आपल्या गटात पहिले आले. आणि २०२४ मध्ये? ४१ जिंकले, १२१ हरले. १९०० नंतर मेजर लीगमध्ये एका सीझनला इतके सामने कुणीच हरलं नव्हतं. मध्ये सलग २१ पराभव झाले आणि ऑगस्टमध्ये मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांना काढलं. (बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे साधारण आपला कोच.)

विक्री पडली की आपण आधी काउंटरवरच्या पोराला झापतो ना, तसंच हे. ग्रिफोल यायच्या आधीच, २०२२ मध्ये, संघ ८१ विजय, ८१ पराभव इथवर घसरला होता.

मुळात एलॉय हिमेनेझ आणि लुईस रॉबर्ट या दोन पोरांशी, मेजर लीगचा एकही सामना खेळायच्या आधी, सहा-सहा वर्षांचे करार केले होते. एकाचा ४.३ कोटी डॉलरचा, दुसऱ्याचा ५ कोटींचा. माझ्या मते आयडिया चांगलीच होती, भाव वाढायच्या आधी माणूस बांधून घेतला. पण दोघंही वारंवार जखमी झाले, आणि त्यांच्या जागी उभं करायला मागे कोणी तयार नव्हतं. नवे खेळाडू खालच्या मायनर लीग संघांत घडतात. व्हाइट सॉक्सची ती विहीरच आटली होती.

त्यात मालक जेरी रिन्सडॉर्फ. २०२० च्या शेवटी त्यांनी ७६ वर्षांच्या टोनी ला रुसांना मॅनेजर केलं. ला रुसांनी ते काम २०११ नंतर केलंच नव्हतं! १९८६ मध्ये याच संघाने त्यांना काढलं होतं, ती सल मालकाच्या मनात होती. पहिलं वर्ष चांगलं गेलं, हे मान्य. २०२२ मध्ये तब्येतीमुळे ते बाजूला झाले.

२०२३ मध्ये १०१ पराभव झाले, वरचे दोन अधिकारी गेले, आणि सूत्रं दिली क्रिस गेट्झ यांना. ते कोण? खेळाडू घडवण्याच्या विभागाचे प्रमुख! बाहेरच्याला संस्था समजायलाच वर्ष जाईल, असं मालकाचं म्हणणं.

आता वही काढा. तुमचा मुख्य कारागीर दोन महिने आला नाही, तर त्याचं काम कोण करेल? नाव लिहा. नाव सुचत नसेल, तर कॉमेंटमध्ये धंदा सांगा, पुढचा व्हिडिओ त्यावरच करू.