खेळाला वय असतं, नीटला नाही

दहावीचा निकाल लागला, की ठाणे-डोंबिवलीतल्या अनेक घरांत फर्मान निघतं: ‘आता दोन वर्षं खेळ बंद. आधी नीट, मग काय ते.’ खारटन रोडच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळणाऱ्या मुलीची रॅकेट माळ्यावर जाते. डोंबिवलीच्या सावळाराम महाराज क्रीडा संकुलात धावणाऱ्या मुलाचे स्पाइक्सही तिथेच जातात. पालकांची धास्ती समजण्यासारखी आहे. पण ती दोन वर्षांच्या हिशेबावर उभी आहे, आणि सर्जन होण्याचा हिशेब बारा वर्षांचा असतो.

आधी हिशेब

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत 180 प्रश्न, 720 गुण आणि तीन तास. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. जिल्हा-राज्य पातळीवर खेळल्याचे वाढीव गुण दहावी-बारावीच्या निकालात मिळू शकतात. नीटच्या गुणांत त्यांनी एकाचीही भर पडत नाही. हे मुलाला आधीच स्पष्ट सांगा.

पुढे इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षं, मग नीट-पीजी, मग एमएसची तीन वर्षं. मधली तयारी आणि बंधपत्रित सेवा धरली तर तिशी जवळ येते. एवढ्या लांबच्या वाटेवर रोजच्या एका तासाच्या सरावाने काही बुडत नाही.

आणखी एक गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते: नीटसाठी किमान 17 वर्षांची अट आहे, कमाल वयाची अट नाही. मुलगी खरोखरच राष्ट्रीय पातळीवर खेळत असेल, तर नीट वर्षभर थांबू शकते. खेळातली तिची उमेदीची वर्षं मात्र थांबत नाहीत.

ज्यांनी दोन्ही केलं

टी. आव यांनी 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय फुटबॉल संघाचं नेतृत्व केलं, तेव्हा ते कोलकात्यात वैद्यकीय शिक्षण घेत होते. एमबीबीएस पूर्ण झालं 1950 मध्ये, वयाच्या तिशीनंतर. पुढे ते नागालँडचे आरोग्य संचालक झाले. गोव्यात जन्मलेले व्हेस पेस 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या हॉकी संघात होते. त्यांनी क्रीडावैद्यकात नाव कमावलं. टेनिसपटू लिअँडरचे वडील ही त्यांची नंतरची ओळख.

सर्जन म्हणाल तर अमेरिकेचा एरिक हायडन. 1980 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्पीड स्केटिंगची पाचही सुवर्णपदकं त्याने एकट्याने नेली. मग तो सायकलिंगकडे वळला आणि 1986 मध्ये टूर द फ्रान्समध्ये उतरला. स्टॅनफर्डमधून एमडी झाला 1991 मध्ये. पुढे अस्थिशल्यचिकित्सक म्हणून अमेरिकी स्केटिंग संघाचाच डॉक्टर बनला आणि आपल्यामागून आलेल्या खेळाडूंची दुखणी सांभाळू लागला. त्याचे वडीलही अस्थिशल्यचिकित्सक होते, हे विसरू नका. वाट ठाऊक असलेला माणूस त्याच्या घरातच होता. आपल्याकडे तो बहुधा शोधावा लागतो.

तो शोधायचा कुठे?

नामांकित डॉक्टरांची भाषणं ऐकाच, पण उपयोगाचं बोलेल तो इंटर्न किंवा दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर. कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे; अंबरनाथलाही आता शासकीय महाविद्यालय आहे. ओळखीतून अशा एखाद्याला गाठा आणि विचारा: बारावीत काय सोडलंस? काय सोडायला नको होतं? नाइट ड्युटीनंतर दुसऱ्या दिवशी काय करतोस?

शस्त्रक्रिया पुस्तकातून येत नाही, वरिष्ठांच्या नजरेखाली येते. पहिल्या वर्षी निवासी डॉक्टर तासन् तास जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभा राहतो. मग कधीतरी सीनियर म्हणतो, ‘घे, टाके तू घाल.’ चुकलं तर सगळ्यांसमोर बोलणी खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर व्हायचं. कोचच्या हाताखाली वाढलेल्या मुलाला हे नवीन नसतं.

खेळाचा दुसरा फायदा रुग्णाला होतो. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला, की बारीक छिद्रांतून दुर्बीण घालतात, मांडीमागचा स्नायुबंध काढून हाडात पाडलेल्या बोगद्यातून ओवतात. ऑपरेशन काही तासांत संपतं. मैदानावर परतायला बहुधा नऊ महिने किंवा त्याहूनही जास्त लागतात. त्या काळात ‘मी परत कधी खेळणार?’ या प्रश्नामागची तगमग खेळलेल्या डॉक्टरला समजावून सांगावी लागत नाही.

मग करायचं काय?

- अकरावीत सराव चालू ठेवा, स्पर्धा निवडक खेळू द्या. बारावीच्या दिवाळीनंतर स्पर्धा थांबवा, व्यायाम थांबवू नका.
- मॉक टेस्टनंतर गुणांवरून बोलू नका. कोच सामन्यानंतर विचारतो तसं विचारा: कुठे घाई झाली? कुठे येत असून सुटलं?
- बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र सोडू नका. नीट पुढे ढकलली तरी दार उघडं राहतं.
- एमबीबीएस नाही झालं तर फिजिओथेरपी आहे. एमबीबीएसनंतर सर्जरी नको वाटली तर क्रीडावैद्यकात एमडी करता येतं.

आणि क्लासची फी भरण्याआधी वेळापत्रक हातात घ्या. कॉलेज, क्लास, लोकलचा प्रवास आणि सात तासांची झोप वजा केल्यावर दिवसाला एक तास उरतो का ते पाहा. उरत नसेल तर घराजवळची बॅच शोधा.