सुईच्या आधी बाहुलीचा दवाखाना

लहान मूल सुईला घाबरते यात नवल नाही. पण ही भीती बरेचदा आपणच पेरतो. मूल जेवत नाही, झोपत नाही, हट्ट करते, की आपण पटकन म्हणतो, "थांब, नर्सबाईला सांगून सुई टोचायला लावते." आणि खरोखर सुई घ्यायची वेळ आली की त्याच तोंडाने सांगतो, "काही दुखत नाही रे. चल, दुकानात जाऊ." दुकानाच्या नावाखाली मूल दवाखान्यात पोहोचते. पुढच्या वेळी ते दुकानातही यायला तयार होत नाही.

याची किंमत मोठी आहे. यंत्रमागावर, गोदामात काम करणाऱ्या आईबापाचा लसीकरणाच्या दिवशी खाडा होतो. त्यात मूल पळाले, कॉटखाली लपले, की "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून लस राहते. वस्तीत फिरताना आम्हाला दिसते की तान्ह्या बाळाचे डोस होतात, कारण ते मांडीवर असते. राहतात ते पुढचे. १६ ते २४ महिन्यांतला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहतो, ५ ते ६ वर्षांचा त्रिगुणीचा बूस्टर राहतो. त्रिगुणी लस घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांपासून वाचवते. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि आपल्या भिवंडीत गोवराची साथ आली. लहान लेकरे दगावली आणि जादा डोसांची मोहीम घ्यावी लागली. राहिलेला डोस म्हणजे काय, हे आपण तेव्हा पाहिले आहे.

कुत्रा चावला तर गोष्ट आणखी गंभीर. जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. तिथे एका सुईवर भागत नाही. ठरलेल्या तारखांना पुन्हा पुन्हा जावे लागते. मूल रडते म्हणून मधली तारीख चुकवणे जिवावर बेतू शकते, कारण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पहिल्या सुईआधी खेळायला वेळ नसतो. पण पहिल्या आणि दुसऱ्या सुईच्या मधले दिवस आपल्या हातात असतात.

खेळच का?

चार-पाच वर्षांच्या मुलाला भाषणातून फारसे कळत नाही. हाताळून, पाहून कळते. तथागतांनी लहान राहुलला खोटे बोलण्याविषयी शिकवले तेव्हा आधी भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवले, ते सांडून दाखवले, भांडे पालथे करून दाखवले. मग सांगितले. लेकराला शिकवण्याची ही जुनी आणि पक्की रीत आहे. परदेशांतही मुले आपली बाहुली, अस्वल घेऊन येतात आणि वैद्यकीय विद्यार्थी त्या खेळण्यांना तपासतात, असे खेळातले दवाखाने भरवले जातात. आपल्याला त्यासाठी खर्च नको. कापडाच्या गावात चिंध्यांची कमी नाही.

खेळ कसा घ्यावा

१. चिंध्यांची बाहुली करा. नाव मुलालाच ठेवू द्या. तापाच्या औषधाबरोबर मिळणारा ड्रॉपर धुऊन घ्या, ती झाली सुई. थोडा कापूस आणि पट्टीसाठी कापडाचा तुकडा घ्या. कचऱ्यात किंवा भंगारात सापडलेली सिरिंज खेळायला कधीही देऊ नका. मुलांना ती उचलूही देऊ नका, त्यातून कावीळ आणि एचआयव्हीचा धोका असतो.

२. आधी तुम्ही नर्स व्हा. बाहुलीला मांडीवर बसवा, दंड पुसा, सुई द्या, कापूस दाबा, शाबासकी द्या. क्रम खऱ्यासारखाच ठेवा.

३. मग मुलाला नर्स होऊ द्या आणि तुम्ही गप्प राहून बघा. आमच्या एका रविवारच्या वर्गात एका चिमुरडीने बाहुलीला सात-आठ सुया टोचल्या आणि वर दटावले, "रडलीस तर इथंच टाकून जाईन." तिला सुईपेक्षा आई सोडून जाईल याची धास्ती होती. तिच्या आईला आम्ही एवढेच सांगितले, "मी तुझा हात सोडणार नाही, हे तिला रोज सांगा."

४. "पुतळा" खेळा. टाळी वाजली की दहा मोजेपर्यंत हलायचे नाही. एक्स-रे काढताना, प्लास्टर घालताना हा सराव कामाला येतो.

५. साबणाच्या पाण्याचे फुगे फुंका. लांब श्वास सोडायची सवय लागते. सुईच्या वेळी तसेच फुंकायला सांगा.

तीन वर्षांच्या मुलाशी हा खेळ आदल्या दिवशी घ्या, पाच-सहा वर्षांच्या मुलाशी दोन-तीन दिवस आधी. फार आधी सांगितले तर मूल रोज धास्ती घेते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला हा खेळ पुरता कळणार नाही, त्याला आईची कूस आणि हातातले खेळणेच आधार देते.

खरे बोला

"दुखणार नाही" म्हणू नका. म्हणा, "थोडं टोचेल, मग थांबेल. मी तुला धरून बसेन." मुलग्याला "रडतोस काय बाईसारखा" असे म्हणू नका, रडू द्या. फक्त हात हलवायचा नाही, एवढेच त्याचे काम. चौथे शील आपण विहारात म्हणतो, ते लेकराशी बोलतानाही पाळायचे असते. एकदा फसवलेले मूल पोट दुखले तरी सांगत नाही, कारण सांगितले की सुई मिळते असा त्याचा हिशेब असतो.

सुईच्या वेळी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीच्या वेदना कमी करण्याबाबत सूचना दिल्या. पालकांनी जवळ राहावे. लहान मुलाला मांडीवर धरावे. तीन वर्षांवरील मुलाला बसवून सुई द्यावी. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्या वेळी किंवा थोडे आधी पाजावे. आडवे दाबून धरल्याने भीती वाढते. "आम्ही मांडीवर धरतो, तुम्ही सुई द्या," असे आशाताईंना आणि नर्सबाईंना नम्रपणे सांगायचा आपल्याला हक्क आहे. नंतर अर्धा तास तिथेच थांबा. त्रिगुणीनंतर एक-दोन दिवस ताप आणि सूज येऊ शकते, हेही मुलाला आधी सांगा.

शस्त्रक्रिया असेल तर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासते. त्यात हृदयाचे छिद्र किंवा दुभंगलेला ओठ आढळला तर उपचारासाठी पुढे पाठवतात. अशा मुलाशी "बाहुलीचं ऑपरेशन" खेळा. कागदी पेल्याचा मास्क तिच्या नाकावर ठेवा, डोक्याला रुमालाची टोपी बांधा. सांगा, "औषधाने झोप येईल, काम झालं की जाग येईल." बाहुलीलाही उपाशी ठेवा. डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितले असेल तर आजीने प्रेमाने दिलेले एक बिस्किटही घातक ठरते. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते. बाहुलीचे उपाशी राहणे पाहिलेले मूल स्वतःच आजीला नाही म्हणते.

या रविवारी विहारातल्या मुलांच्या वर्गात अर्धा तास बाहुलीच्या दवाखान्याला द्या. वंदना झाली की मोठ्यांनीही थांबावे आणि सोबत प्रत्येक लेकराचे लसीचे कार्ड आणावे. मुले खेळतील तोवर आपण राहिलेले डोस पाहू आणि पुढच्या सत्राला कोणाचे मूल कोण घेऊन जाईल ते ठरवू. ज्या आईला खाडा परवडत नाही तिचे मूल शेजारणीच्या मांडीवर बसून लस घेऊ शकते. ती शेजारीण आणि ती बाहुली मुलाच्या ओळखीची असली म्हणजे झाले.

जय भीम.