तळघरातून वर येणाऱ्या मशिनाबद्दल

निखिल,

मिल्वॉकीच्या तळघरातलं ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ पिनबॉल मशीन तू घेतलंस, हे ताईच्या फोनवरून कळलं. तिचा सूर काळजीचा. “जुगाराचं मशीन घेतोय म्हणे!” तिला सांग, असं म्हणणारी ती पहिली नव्हे. न्यूयॉर्कच्या ला गार्डिया महापौरांनी याच समजुतीपायी १९४२ साली पिनबॉलवर बंदी आणली, मशिनं घणाने फोडली. ती बंदी उठायला १९७६ उजाडलं. आणि गंमत म्हणजे जिथे ही मशिनं बनायची, त्या आमच्या शिकागोतसुद्धा बराच काळ मनाई होती!

मशीन मात्र चांगलं निवडलंस. १९९२ सालचं हे बॅलीचं मॉडेल वीस हजारांच्या वर विकलं गेलं, म्हणून सुटे भाग अजून मिळतात. पण तू ऐन जानेवारीत भाड्याचा ट्रक घेऊन निघणार आहेस, तेव्हा आधी हे वाच. दुकानांतून मशिनं लावणाऱ्या ऑपरेटरकडे दुरुस्ती करण्यात माझी निम्मी हयात गेली. खेळणारे मशीन फारसं बिघडवत नाहीत रे. ते वाहून नेणारे आणि ‘जरा बघतो’ म्हणत उघडणारे बिघडवतात.

विकणाऱ्याच्या घरी आधी ते चालू करून एक डाव खेळ. मग बंद करून सगळे चेंडू बाहेर काढ आणि मोजून खिशात टाक. पोलादी चेंडू आत राहिला तर वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला तो प्लॅस्टिकवर आदळणार, आणि थंडीत ते प्लॅस्टिक आधीच ठिसूळ झालेलं असतं. काच काढलीस तर ती उघड्या फरशीवर टेकवू नकोस. वरून गुद्दा सोसणारी ही काच कोपऱ्याला जरासा धक्का लागला की चुरा होते. खाली जाजम हवंच.

मागची पेटी बिजागरीवर पुढे दुमडते. तिच्या मागची कडी षटकोनी चावीने फिरते, ती चावी बरोबर ने. दुमडताना मध्ये जाड पांघरूण घाल, पट्टा बांध, वायर चिमटत नाही ना ते पाहा. मग मागचे पाय काढून मशीन मागच्या बाजूवर उभं करायचं आणि पुढचे पाय सोडवायचे. वजन सव्वाशे किलोच्या आसपास भरतं. फ्रिज वाहतात तशी पट्ट्याची ट्रॉली भाड्याने घे, जिन्यावर दोघांच्या ताकदीवर विसंबू नकोस. पायांचे बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी नाणी पडतात त्या पेटीत ठेव. ट्रकमध्ये शोधत बसणाऱ्यांचे चेहरे मी पुष्कळ पाहिलेत.

घरी पोचल्यावर लगेच प्लग लावायचा नाही. गार पडलेल्या बोर्डांना उबदार खोलीत घाम फुटतो. रात्रभर तसंच राहू दे. प्लगची तिसरी पिन कोणी कापलेली असेल तर ती आधी नीट करून घे.

आता महत्त्वाचं. मागच्या पेटीतल्या मुख्य बोर्डावर साध्या तीन पेन्सिल बॅटऱ्या असतात. मशीन बंद असताना विक्रमी गुण आणि सेटिंग त्यांच्यावर टिकतात. तळघरात विसरलेल्या मशिनात त्या पाझरतात, आणि तो क्षार खालच्या तांब्याच्या रेघा, चिपची सॉकेटं हळूहळू खातो. बाहेरून काही कळत नाही. मग एके दिवशी अर्धे स्विच बंद. या एका कारणाने जितकी मशिनं गेली, तितकी खेळून झिजली नसतील. बॅटऱ्या काढून टाक. त्या जागी वायरने जोडलेली वेगळी डबी बोर्डापासून लांब लावता येते, किंवा बॅटरीच न लागणारी मेमरी चिप मिळते. मी असतो तर चिपच बसवली असती.

चेंडू उडवणारा फ्लिपर मंद वाटला की लोक तेलाचा स्प्रे मारतात. चार दिवस बरं वाटतं, मग तेलात धूळ बसून चिखल होतो. कॉइलच्या आतली नायलॉनची नळी कोरडीच चालायची असते. ती काढून बघ. तिच्यात सरकणाऱ्या प्लंजरचं टोक ठोकून ठोकून पसरलेलं दिसेल. नळी आणि प्लंजर बदल, खर्च किरकोळ आहे.

फ्यूज उडाला तर त्याच्या जागी मोठा घालू नकोस. बहुधा एखादा ट्रान्झिस्टर जाऊन कॉइल सतत ओढत राहिलेली असते. मोठा फ्यूज तग धरतो आणि कॉइल जळते, वर बोर्डही. प्लेफील्ड, म्हणजे चेंडू धावतो ती फळी, उचलण्याआधी मशीन बंद कर, हातातलं कडं काढ. कॉइलवर पन्नास ते सत्तर व्होल्ट खेळत असतात.

चेंडूवर ओरखडे आले की बदल, नाहीतर तोच प्लेफील्ड घासून काढतो. प्लेफील्डला कार्नोबाचं मेण लाव, पाण्याचा फडका नको. उतार साडेसहा अंशांच्या आसपास ठेव.

पुढेमागे ते लाँड्रीत ठेवायचा तुझा विचार आहे, असं ताई म्हणाली. निम्मा वाटा लाँड्रीच्या मालकाचा, हा इथला रिवाज. नाण्यांची पेटी नेहमी त्याच्यासमोर उघड आणि नाणी तिथेच मोज. नाणं अडकलं तर मेकॅनिझम काढून कोरड्या ब्रशने साफ कर, तेल तिथेही नाही.

बॅटऱ्यांच्या डबीचा आणि तिच्या खालच्या बोर्डाचा जवळून फोटो काढून पाठव. हिरवट-पांढरं काही दिसलं तर स्विचला हात लावायच्या आधी मला फोन कर. रात्री कितीही वाजले असले तरी चालेल, मामी ओरडेल ती मला.

तुझा,
मामा